इम्पेन्डिंगचा दंड

तारीख नऊ फेब्रुवारी. रक्कम एक्कावन्न रुपये. हजर: माझे साडू भाऊसाहेब, त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मी, माझी बायको, आमची मुलगी, आणि मुलीचे होणारे सासू-सासरे, जे बस्त्याच्या खरेदीसाठी नागपूरहून आले होते. पैसे मी दिले. पन्नासची एक नोट आणि एक रुपयाचं नाणं.

निमित्त केळवणाचं होतं. भोपाळच्या सोनागिरीत आम्ही दोघं साडू एकाच इमारतीत राहतो. भाऊसाहेब तळमजल्यावर, आम्ही चौथ्या. भाऊसाहेब इथल्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे त्यांनी आयुष्यभर वरिष्ठांची इंग्रजी पत्रं लिहिली. मी मंडीदीपला एका कंपनीत हिशेब बघतो. आमच्या घराण्यात इंग्रजीत काही लिहायचं म्हटलं की कागद आधी तळमजल्यावर जायचा आणि लाल शाई लागून वर यायचा, अशी पद्धत होती.

दुसरी पद्धत डब्याची. भोपाळमध्ये राहून पोरांची मराठी हिंदीत बुडत चालली, म्हणून भाऊसाहेबांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यांच्या घरी जमल्यावर कोणी मराठीत हिंदी शब्द घुसडला की दहा रुपये दंड. "मावशी, पंखा चला दे ना" म्हटलं की दहा. "मतलब" म्हटलं की दहा. जमलेल्या पैशांतून दिवाळीत भेळ व्हायची. पोरं हसतखेळत भरायची. मलाही ही पद्धत आवडायची, कारण नियम स्वच्छ होता.

त्या दिवशी जेवणं झाली, विडे झाले, आणि भाऊसाहेबांनी खिशातून चष्मा काढला. मी आदल्या रात्री नातेवाइकांना आणि कंपनीतल्या लोकांना फोनवर लग्नाचा इंग्रजी निरोप पाठवला होता. घाईत होतो, तळमजल्यावर दाखवला नव्हता. भाऊसाहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि एका शब्दापाशी थांबले.

"साडूभाऊ, हे 'इम्पेन्डिंग मॅरेज' कोणाच्या डोक्यातून आलं?"

"माझ्याच."

"मुलीचं लग्न लावताय की तिला फाशी देताय?"

मला कळेना. आमच्या हिशेबखात्यात जे काही पुढे यायचं असतं ते इम्पेन्डिंगच असतं. इम्पेन्डिंग ऑडिट, इम्पेन्डिंग इन्स्पेक्शन. तीस वर्षं परिपत्रकांत तोच शब्द वाचला. पुढे होणारं ते इम्पेन्डिंग, असं मी धरून चाललो होतो.

भाऊसाहेबांनी व्याह्यांकडे वळून समजावलं. "इम्पेन्डिंग म्हणजे डोक्यावर टांगलेलं. आता पडतं की मग पडतं असं. संकट इम्पेन्डिंग असतं, दिवाळं इम्पेन्डिंग असतं. लग्न असतं फॉर्थकमिंग. यांनी शंभर लोकांना कळवलंय की घरावर संकट येतंय, आहेर घेऊन या."

व्याही गडगडून हसले. "म्हणजे बाप्पा, आम्ही संकट घरी घेऊन जाऊन राहिलो की काय?"

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. माझी बायको हसली. मुलगीही हसली, मग माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरून पानातला विडा उगाच सोडून परत बांधायला लागली.

"दंड," भाऊसाहेब डबा पुढे करत म्हणाले. "एक्कावन्न. शुभकार्य आहे म्हणून एक्कावन्न."

"डबा हिंदीसाठी आहे," मी म्हणालो. "इंग्रजीला दंड नाही."

"आजपासून आहे."

व्याह्यांसमोर वाद घालणं बरं दिसलं नसतं. मी पैसे टाकले.

तिथेच संपलं असतं तर मीही विसरलो असतो. पण व्याह्यांना तो विनोद फार आवडला. माणूस दिलदार आहे, मनात काही नाही, पण एकदा सापडलेला विनोद ते सोडत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात फोन आला. "काय म्हणते आमचं संकट?" लग्नाच्या पंगतीत त्यांनी आपल्या भावकीला मुलीची ओळख करून दिली ती "हे आमचं इम्पेन्डिंग" म्हणून. मुलगी नागपूरला गेल्यावर सासरी सगळी मुलं तिला "संकट काकू" म्हणायला लागली. ती आईला फोनवर सांगायची, "अगं, गमतीनं म्हणतात." मी पलीकडे पेपर वाचत असायचो आणि ऐकायचो. ज्या घरात मुलगी नवी गेली त्या घरात तिचं पहिलं नाव संकट पडलं. व्याह्यांना मी दोष दिला नाही. त्यांना तो शब्द कोणी पुरवला ते मला माहीत होतं.

त्या वर्षभरात कंपनीच्या बसमध्ये येता-जाता मी त्या शब्दांचा अभ्यास केला. कोणाला सांगितलं नाही. कोशातले अर्थ फोनवर वाचायचे आणि आपल्या भाषेत कुठे बसतात ते बघायचं. अपकमिंग हा पेपरवाल्यांचा आणि दुकानदारांचा शब्द. आपला आगामी. सिनेमा आगामी, सेल आगामी. त्यात ना भीती ना जबाबदारी. फॉर्थकमिंग म्हणजे कोणीतरी ठरवून जाहीर केलेलं. पत्रिकेत नियोजित वधू लिहितो, त्यातलं नियोजित. इमिनंट म्हणजे तोंडावर आलेलं. परीक्षा तोंडावर येते तसं. ते चांगलं असेल किंवा वाईट, पण आता मध्ये काही उरलेलं नाही. आणि इम्पेन्डिंगमध्ये काळ तेवढा जवळचा नसेलही, पण छाया पडलेली असते. शॉर्टली हा तारीख द्यायची नाही अशा माणसाचा शब्द, दुकानाच्या बंद शटरवर लावतात तो. 'सून', म्हणजे इंग्रजीतला, लवकरच या अर्थाचा, हा साध्या माणसाचा, म्हणून तो पाळला जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. भोपाळमध्ये या सगळ्यांचं काम एकटं 'अभी' करतं. प्लंबर अभी येतो, सिलेंडर अभी येतो, आणि कोणता अभी कोणत्या जातीचा हे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं.

अभ्यासाअंती निघालं ते असं की भाऊसाहेब बरोबर होते. लग्नाला तो शब्द लागत नव्हता. यामुळे माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. चुकीचा माणूस परवडतो, त्याला चूक दाखवली की संपतं. बरोबर असलेल्या माणसाला त्याच्याच बरोबरपणानं गाठावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

पुढच्या हिवाळ्यात इमारतीची लिफ्ट बंद पडली. मुलीला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या चौथ्या मजल्यावर. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी तिला जिने चढायला साफ मनाई केली होती. लिफ्ट चालू झाली नाही तर मुलगी माहेरी येऊ शकणार नव्हती. माझ्या बायकोनं नवव्या महिन्याच्या आधी लिफ्ट चालू व्हावी म्हणून संकष्टी धरली.

सोसायटीचे अध्यक्ष भाऊसाहेब. लिफ्टच्या दारावर त्यांनी टाइप केलेली नोटीस लावली. लिफ्ट शॉर्टली सुरू होईल. दोन आठवड्यांनी ती काढून दुसरी लावली. दुरुस्ती फॉर्थकमिंग आहे. महिना उलटला तेव्हा तिसरी. दुरुस्ती इमिनंट आहे. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला लिफ्ट लागत नाही, त्यामुळे नोटिसा लिहायला त्यांना भरपूर उसंत होती.

तिसऱ्या नोटिशीनंतर मी लिफ्टच्या कंपनीला स्वतः फोन केला. पलीकडच्या बाबूनं वैतागून सांगितलं, "भाईसाहब, पार्ट तो हमारे यहाँ कब से रखा है. आपके अध्यक्षजी की मंजूरी भर चाहिए, तीन दिन का काम है. हम कोटेशन भेजते हैं, वो उसकी अंग्रेज़ी सुधार के वापस भेज देते हैं."

झालं असं होतं. कंपनीनं लिहिलं होतं की आमचा इंजिनिअर निअर फ्यूचरमध्ये येईल. भाऊसाहेबांनी लाल शाईनं विचारलं, निअर म्हणजे किती निअर. कंपनीनं बदलून लिहिलं, इन ड्यू कोर्स, म्हणजे यथावकाश. भाऊसाहेबांनी लिहिलं, हा शब्दप्रयोग दिरंगाई सूचित करतो, सबब मंजुरी देता येत नाही. तिसरं पत्र त्यांच्या टेबलावर पडून होतं. मुलीची माहेरची वाट त्या टेबलावर अडली होती.

मी खाली जाऊन तिथल्या तिथे त्यांची सही घेऊ शकलो असतो. बायकोला सांगितलं असतं तर तिनं बहिणीकरवी घेतली असती. मी कोणालाच सांगितलं नाही. मी मुलीचं डोहाळजेवण ठरवलं. सातव्यात राहून गेलं होतं, नवव्यात करू म्हटलं. जागा कोणती, तर भाऊसाहेबांचा हॉल, कारण मुलीला जिने चालत नाहीत. माणसं कोणती, तर केळवणाला होती तीच. व्याही-विहीण मुलीला घेऊन नागपूरहून आले. जावयाला रजा नव्हती.

ओटी भरून झाली, बर्फी की पेढा झालं. पेढा निघाला तेव्हा व्याही म्हणाले, "संकटाला मुलगा होणार म्हणते पेढा." सगळे हसले. जेवणं आटोपून सगळे टेकले तेव्हा मी विचारलं,

"भाऊसाहेब, लिफ्टचं काय?"

"नोटीस वाचत नाही का? इमिनंट."

"म्हणजे शॉर्टलीपेक्षा जवळ?"

त्यांना असा प्रश्न कोणी विचारला की आवडतं. ते सरसावून बसले. "शॉर्टली मोघम आहे. आठवडा असेल, महिना असेल. इमिनंट म्हणजे दारात उभं."

"आणि फॉर्थकमिंगपेक्षाही?"

"फॉर्थकमिंग म्हणजे ठरलेलं. तारीख लांबची असू शकते. इमिनंट म्हणजे आज, उद्या. फार तर परवा. जबाबदार माणूस हा शब्द उगाच वापरत नाही."

"ऐकलंत ना?" मी व्याह्यांना म्हणालो. "मग प्रश्नच मिटला. दोन-तीन दिवसांसाठी पोरीला उगाच परत नागपूरला नेऊ नका. लिफ्ट होईपर्यंत ती इथेच राहील, भाऊसाहेबांच्या अभ्यासाच्या खोलीत. तिथे पलंग आहेच."

भाऊसाहेबांचा चष्मा हातातच राहिला. त्या खोलीत त्यांच्या बायकोलाही झाडू घेऊन जायला परवानगी लागते.

त्यांची बायको मात्र टाळी वाजवून उठली. "अगं बाई, हे मला का नाही सुचलं? आजपासूनच राहू दे."

"पण माझं टेबल," भाऊसाहेब म्हणाले.

"दोन-तीन दिवसांचं तर आहे," मी म्हणालो.

"बेस झालं," व्याही म्हणाले. "संकट तुमच्या घरी मुक्कामाला आलं म्हणा."

संध्याकाळी टेबल गॅलरीत गेलं. खोलीचं रूप माझ्या बायकोनं आणि तिच्या बहिणीनं मिळून पालटलं. कोशांच्या कप्प्यात डिंकाच्या लाडवांचा डबा बसला. पत्रांच्या फायली पलंगाखाली गेल्या आणि त्यांच्या जागी तेलाच्या बाटल्या, खारीक-खोबरं, जुन्या मऊ साड्यांचं गाठोडं आलं. भाऊसाहेब गॅलरीत शाल पांघरून लिहायला बसले. समोरच्या मैदानातली पोरं त्यांना "अंकल, बॉल" म्हणून हाका मारायची.

चौथ्या दिवशी त्यांनी कंपनीला मंजुरी पाठवली. पत्रात काही सुधारणा केली नाही, हे त्यांच्या बायकोनं आम्हांला सांगितलं. आठवड्याच्या आत लिफ्ट सुरू झाली. तिच्यात पहिले बसले ते भाऊसाहेबच. चौथ्या मजल्यावर आले, बेल वाजवली.

"लिफ्ट सुरू झाली."

"पाहिली. अभिनंदन."

"मग आता मुलीला वर आणा."

"आणू की," मी म्हणालो. "शॉर्टली."

ते जिन्यानं खाली गेले.

खरं तर त्याच दिवशी आणता आलं असतं. मी बायकोला म्हणालो की दिवस भरत आलेत, आता कशाला हलवायचं. तिला ते पटलं, तिच्या बहिणीला तर फारच पटलं. तीन दिवसांनी कळा सुरू झाल्या. नात झाली. दवाखान्यातून बाळ-बाळंतीण आली ती सरळ तळमजल्यावर. सगळी मांडामांड तिथेच होती.

आता खोली खऱ्या अर्थानं बदलली. पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये दोरी बांधून तिच्यावर दुपटी-लंगोट वाळायला लागले. सकाळ-संध्याकाळ शेगडीत ओवा आणि बाळंतशेपेची धुरी. तो वास कापडी बांधणीच्या पुस्तकांना असा लागतो की पुढे कितीही उन्हात ठेवा, पान उघडलं की पहिलं बाळंतपण आठवतं. भाऊसाहेबांना एखादा शब्द बघायचा असला की ते दाराबाहेरून विचारायचे आणि आमची मुलगी बाळाला मांडीवर घेऊन, एका हातानं कोश उघडून, आतून अर्थ वाचून दाखवायची. ते चित्र मी रोज ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर बघायचो.

बाळ घरी आल्याच्या पाचव्या दिवशी मी कंपनीत टाइप करून आणलेली नोटीस त्यांच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर लावली. अगदी त्यांच्याच धर्तीची. ही खोली रिकामी होणे इमिनंट आहे.

रात्री भाऊसाहेब वर आले. हातात ती नोटीस होती. लाल शाई लावलेली नव्हती.

"तुम्ही हे सूड म्हणून करताय."

"हो," मी म्हणालो.

त्यांना बहुधा नाही ऐकायची अपेक्षा होती. ते खुर्चीवर बसले. "एक्कावन्न रुपयांसाठी?"

"ते पैसे नियमाबाहेरचे होते, पण ते सोडा. व्याही अजून माझ्या मुलीला संकट म्हणतात. सासरची पोरंही म्हणतात. आता नातीचंही तेच होईल. आत्ताच फोनवर म्हणाले, संकटाचं पिल्लू कसं आहे."

"मी तिला संकट म्हटलं नव्हतं. मी शब्दाचा अर्थ सांगितला."

"तिच्या सासऱ्यांसमोर सांगितलात. मला जिन्यात गाठून सांगितला असता तरी मला कळला असता."

माझ्या बायकोनं चहा ठेवला आणि ती आत गेली. भाऊसाहेबांनी अर्धा कप संपवला.

"तुम्हांला काय हवंय?"

"बारसं तुमच्या हॉलमध्ये आहे. माणसं तीच आहेत. डबा तुमच्याकडेच असतो. पार्ट तयार, काम तीन दिवसांचं, मंजुरी तुमच्या टेबलावर, आणि दारावर इमिनंट. चुकीच्या इंग्रजीला दंड तुम्हीच लावलाय. रक्कम तुम्हांला माहीत आहे."

"कंपनीचं तुम्हांला कोणी सांगितलं?"

"मी फोन केला होता. डोहाळजेवणाच्या आधी."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि माझी खोली?"

"ती फॉर्थकमिंग आहे," मी म्हणालो. "ठरलेली आहे. सव्वा महिना."

तसंच झालं. बारसं झालं, दंड झाला, तरी मी मुलीला वर हलवलं नाही. सव्वा महिना पुरा झाला त्या दिवशी ती बाळाला घेऊन लिफ्टनं चौथ्या मजल्यावर आली, आणि तिच्या मागून लाडवांचा रिकामा डबा. भाऊसाहेबांनी पुस्तकं गॅलरीत उन्हात मांडली. अजूनही कधीकधी मांडतात. आम्ही एकमेकांशी बोलतो, दिवाळीची भेळ एकत्र खातो. इंग्रजी निरोप मी आता तळमजल्यावर दाखवत नाही. आणि लिफ्टच्या दारावर काही लावायचं असेल तर भाऊसाहेब तारीख लिहितात.

बारशाच्या दिवशी पाळणा म्हणून झाल्यावर भाऊसाहेब उभे राहिले होते. हातात डबा होता. त्यांनी कागदावर काही लिहून आणलं नव्हतं, हे मला विशेष वाटलं.

"लिफ्टच्या बाबतीत मी इमिनंट लिहिलं," ते म्हणाले. "ते खरं नव्हतं. मंजुरी माझ्याकडे अडली होती. शब्द माझा चुकला, दंड माझा." मग ते व्याह्यांकडे वळले. "आणि केळवणाच्या दिवशी मी जो धडा दिला, त्याची ती जागा नव्हती. त्यातून पोरीला जे नाव पडलं ते आता पुरे करू या. नातीला तर नकोच."

व्याह्यांच्या तोंडात पेढा होता. त्यांनी तो गिळला आणि सुनेकडे बघितलं. "बरं बाप्पा," ते म्हणाले. "एवढं लागलं असन तुम्हांला, मालूमच नव्हतं."

"मालूमला दहा रुपये," माझी बायको म्हणाली, आणि हॉल हसला. व्याह्यांनी मुकाट्यानं दहाची नोट डब्यात टाकली.

भाऊसाहेब आपले पैसे डब्यात टाकायला वाकले तेव्हा मी डब्यावर हात ठेवला. "हे भेळेचे नाहीत," मी म्हणालो. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग चौरंगापाशी गेले, जिथे मुलगी बाळाला घेऊन बसली होती.

"काका, पावती देऊ?" तिनं विचारलं.

"दे," भाऊसाहेब म्हणाले.

दिले ते पन्नासची एक नोट आणि एक रुपयाचं नाणं. मिळाले ते माझ्या मुलीला.